परिचारिकेची सेवा आणि गांवांतील दुर्बळ जन

शास्त्रपाठ : लूक १०:२५-३७, मार्क २:१-१२, रोमकरांस पत्र १६:१-२

शोमरोनी मनुष्याचा दाखला आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसही तोंडपाठ असतो. याजक बाजूनें गेला, लेवी बाजूनें गेला, शोमरोनी थांबला, येथवर मुलें मोठ्यानें सांगतात. पुढील भाग मात्र आम्ही पाळक व उपदेशक बहुधा घाईनें उरकतों. ह्या पाठांत तोच भाग सावकाश पाहूं. त्या मनुष्यानें प्रथम घायाळाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या आपल्या हातांनीं बांधिल्या. नंतर त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें व तेथें त्याची काळजी घेतली. आणि दुसऱ्या दिवशीं निघतेवेळीं उतारशाळेच्या मालकाजवळ दोन नाणीं देऊन, ह्याचा संभाळ करावा, अधिक खर्च होईल तो आपण परत येतांना भरूं, असें सांगितलें.

वाचकहो, स्वतःच्या हातांनीं जखम बांधणें, रोग्यास योग्य ठिकाणीं पोहोंचविणें, आणि दुसऱ्याच्या हातीं सोंपविल्यावरही परत येऊन विचारपूस करणें, हीं तीन कामें त्या एका मनुष्यानें केलीं. आणि हींच परिचारिकेचीं कामें होत. तिसरें सर्वांत कठीण आहे. पहिल्या दिवशीं दया सर्वांस येते. चाळिसाव्या दिवशींही त्याच घराच्या पायऱ्या चढणें हें निराळें. परिचारिकेनें आपल्या गांवांतील दुर्बळ जनांस आधार कसा द्यावा, व मंडळीनें त्या कामीं तिला हात कसा द्यावा, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

प्रथम दुर्बळ कोण हें पाहिलें पाहिजे. दवाखान्याच्या बांकावर जे बसलेले दिसतात ते गांवांतील सर्वांत दुर्बळ लोक नव्हत. ते चालत आले, किंवा त्यांस आणणारें कोणी तरी होतें. खरा दुर्बळ तेथवर पोहोंचतच नाहीं. पहिल्या खेपेची गरोदर सून, जिला सासूच्या परवानगीवांचून उंबरा ओलांडतां येत नाहीं. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाचें तान्हें मूल, ज्याची लस गांवीं राहिली व जें फडांत वाढत आहे. लग्नाच्या वयाची मुलगी, जिचा खोकला घरच्यांनीं शेजाऱ्यांपासून लपविला आहे. पायास जखम असूनही ती दुखत नाहीं म्हणून तसाच चालत राहणारा कुष्ठरोगी. वेड लागलें म्हणून गोठ्यांत बांधून ठेविलेला तरुण. आणि मागच्या खोलींत अंथरुणास खिळलेली आजी. ह्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें दवाखान्याच्या वहींत सांपडावयाचीं नाहींत.

आम्ही आमच्या पहिल्या मंडळींत असतांना घडलेली एक गोष्ट सांगण्यास लाज वाटते, तरी सांगतों. त्या गांवांतील एका घरीं दर महिन्यास प्रार्थनासभा होत असे. ओटीवर सतरंजी घालीत, आम्ही शास्त्र वाचीत असूं, गीत होई, चहा होई. घरांतील म्हातारी आजारी असून आंत निजलेली आहे, असें दर वेळीं आम्हांस सांगण्यांत येई, आणि आम्हीही दर वेळीं तिचें नांव घेऊन प्रार्थना करीत असूं. असे आठ महिने गेले. नवव्या महिन्यांत एक निवृत्त नर्सबाई आपल्या भाचीकडे त्या गांवीं आल्या होत्या. त्या सभेस बसल्या. शेवटचें आमेन होतांच त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आजींना भेटून येतें." चहा निवला तरी त्या बाहेर येईनात. मग त्यांनीं दारांतून ऊन पाणी व जुनें धुतलेलें धोतर मागितलें. म्हातारीच्या माकडहाडावर तळहाताएवढा व्रण पडला होता.

घरच्यांच्या मनांत दुष्टपणा नव्हता. सून पहाटे शेतावर जाई ती दिवेलागणीस येई. एकाच अंगावर पडून राहिलेल्या मनुष्याचें कातडें दबून सडतें, हें तिला कोणीं सांगितलेंच नव्हतें. नर्सबाईंनीं तिला रागें भरलें नाहीं. त्यांनीं तिच्या हातांनींच जखम धुवविली. दर दोन तासांनीं कूस कशी बदलावी, टाचा अंथरुणास टेकूं नयेत म्हणून पोटऱ्यांखालीं उशी कशी द्यावी, ओला कपडा लागलाच कां काढावा, जेथें कातडें लाल दिसेल तेथें चोळूं कां नये, हें दाखविलें. आणि सून शेतावर असतांना कूस बदलण्यास शेजारच्या दोन बायका नेमून दिल्या. डाळ, दूध, अंडें जें घरांत असेल तें म्हातारीच्या ताटांत आधीं पडावें असें सांगितलें. तालुक्याच्या डॉक्टरांस आणून जखम दाखविली. पुढें त्या तिसऱ्या दिवसागणिक येत राहिल्या. जखम भरून येण्यास चार महिने लागले. जातांना त्या आम्हांस इतकेंच म्हणाल्या, "पाळकसाहेब, पुढच्या खेपेस प्रार्थना आंत जाऊन करा."

मार्काच्या दुसऱ्या अध्यायांतील पक्षघाती मनुष्याची गोष्ट आम्ही तेव्हांपासून निराळ्या रीतीनें वाचूं लागलों. कफर्णहूमांतील त्या घराच्या दाराशीं गर्दी होती. ती सर्व आपल्या पायांनीं आलेली होती. ज्याला पाय नव्हते तो चौघांच्या खांद्यांवरून आला, आणि दार अडलेलें पाहून त्यांनीं छप्पर उकललें. येथें उपदेशकांनीं वर्गास विचारावें कीं आपल्या गांवांत हे चौघे कोण आहेत. आमच्या मतें परिचारिका ही त्यांपैकीं एक आहे. बाट चारही कोपऱ्यांनीं उचलावी लागते, हें मंडळ्या विसरतात व सर्व भार तिच्या एकटीवर टाकितात.

घरोघर जाऊन शुश्रूषा करण्याची ही चाल मंडळींत नवी नाहीं. पौलानें रोमकरांस पत्र लिहितांना फिबी नांवाच्या बहिणीची शिफारस केली आहे. करिंथाजवळच्या किंख्रिया बंदरांतील मंडळीची ती सेविका होती, आणि तिनें पुष्कळांस व खुद्द पौलासही साह्य केलें होतें. तें साह्य कोणत्या प्रकारचें होतें हें शास्त्र सांगत नाहीं. म्हणून ती परिचारिकाच होती असें छातीठोक म्हणूं नये. परंतु तिच्या सेविकापदाचा कित्ता पुढें पुष्कळांनीं गिरविला. जर्मनींत ऱ्हाईन नदीच्या कांठीं कैसरवेर्थ येथें थिओडोर फ्लीडनर नांवाचे पाळक होते. त्यांनीं व त्यांच्या पत्नी फ्रिडेरिका ह्यांनीं १८३६ सालीं अशा सेविकांस रोग्यांची शुश्रूषा शिकविण्याचें गृह काढिलें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८५१ सालीं तेथेंच कांहीं महिने शिक्षण घेतलें.

ह्याहून आमच्या विषयाशीं जवळची गोष्ट इंग्लंडांतील लिव्हरपूल शहराची आहे. तेथील विल्यम रॅथबोन नांवाच्या व्यापाऱ्याची पत्नी १८५९ सालीं वारली. तिच्या शेवटच्या दुखण्यांत मेरी रॉबिन्सन नांवाच्या परिचारिकेनें तिची सेवा केली होती. रॅथबोन ह्यांच्या मनांत आलें कीं, आपल्या घरीं सर्व सुखसोयी असूनही परिचारिकेवांचून इतकें अडलें, तर ज्यांच्या घरीं कांहींच नाहीं त्यांचें काय होत असेल? त्यांनीं त्या बाईस तीन महिन्यांच्या पगारावर गरिबांच्या वस्तींत घरोघर जाऊन शुश्रूषा करण्यास नेमिलें, आणि रोग्यांसाठीं लागणारें अन्न व साहित्य पुरविलें. एक महिना झाला आणि ती बाई त्यांच्याकडे येऊन रडूं लागली; इतकें दैन्य आपल्यानें पाहवत नाहीं, ह्या कामांतून मोकळें करावें, असें ती म्हणाली. रॅथबोन ह्यांनीं तिला धीर देऊन मुदत पुरी करण्यास विनविलें. तीन महिने संपले तेव्हां तीच बाई हें काम सोडण्यास तयार होईना, कारण तिच्या सेवेनें किती घरें सावरलीं हें तिनें डोळ्यांनीं पाहिलें होतें. पुढें नाइटिंगेल बाईंचा सल्ला घेऊन १८६२ सालीं त्या शहरांत परिचारिकांची शाळा निघाली, व शहराचे भाग पाडून प्रत्येक भागास एक परिचारिका देण्यांत आली. मेरी रॉबिन्सनचें तें रडणें आमच्या ध्यानांतून जात नाहीं. दुर्बळांमध्यें काम करणारीस असा एक महिना येतोच, आणि त्या महिन्यांत तिला कोणी भेटतें कीं नाहीं ह्यावर पुष्कळ अवलंबून असतें.

आमच्या देशांत ह्या कामापुढें आणखी एक धोंड होती. रक्त, पू, विष्ठा ह्यांस हात लावणें आणि तेंही परजातीच्या मनुष्याच्या, हें उच्चवर्णीय घरांस विटाळाचें वाटे. म्हणून प्रथम पुढें आल्या त्या बहुतकरून ख्रिस्ती मुली व विधवा. डॉक्टर वान्लेस ह्यांनीं मिरजेस १८९४ सालीं दवाखाना काढिला, तशा अनेक मिशन दवाखान्यांच्या खाटांशीं ह्याच मुली रात्रंदिवस उभ्या राहिल्या. त्यांच्या लग्नाच्या गोष्टी निघत तेव्हां आमचेच ख्रिस्ती लोक नाक मुरडीत, हेंही येथें कबूल केलें पाहिजे. मंडळीबाहेरील एका थोर स्त्रीचाही उल्लेख करणें न्यायाचें होईल. पुण्यास प्लेग आला असतां सावित्रीबाई फुले ह्यांनीं रोग्यांची सेवा केली व त्याच रोगानें त्या १० मार्च १८९७ रोजीं वारल्या. त्या शिकलेल्या परिचारिका नव्हत्या. पण जेथें सर्व पळतात तेथें जाणें हें त्यांस कोणीं शिकवावें लागलें नाहीं.

आतां जामखेडची गोष्ट. डॉक्टर रजनीकांत आरोळे व डॉक्टर मेबल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य वेल्लूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलें. आरंभीं त्यांनीं मिशन दवाखान्यांत काम केलें, आणि तेथें त्यांस दिसून आलें कीं बरा होऊन गेलेला रोगी त्याच रोगानें पुन्हा येतो, कारण रोगाचें मूळ त्याच्या गांवांत राहिलेलें असतें. १९७० सालीं ते त्या वेळच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील जामखेड ह्या दुष्काळी भागांत जाऊन राहिले. प्रथम त्यांनीं गांवोगांवीं शिकलेल्या परिचारिका ठेवून पाहिल्या. परंतु बाहेरून आलेल्या तरुण मुलीचें खेड्यांत एकटीनें राहणें कठीण, आणि गांवच्या बायका तिच्यापाशीं मनांतलें बोलेनात. तेव्हां त्यांनीं प्रत्येक गांवानेंच आपल्यांतील एक बाई निवडावी असें सांगितलें. ज्या निवडून आल्या त्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या. कित्येक दलित वस्तींतल्या होत्या. त्या जामखेडास येऊन शिकत, आणि आपल्या गांवीं जाऊन बाळंतिणी, तान्हीं मुलें, खोकलेकरी व कुष्ठरोगी ह्यांची खबर घेत. परिचारिका त्यांच्या पाठीमागें उभी राहून शिकवी, चूक सुधारी, अवघड रोगी आपल्या हातीं घेई. ह्या कामाबद्दल १९७९ सालीं त्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

ह्यावरून परिचारिकांनीं एक गोष्ट शिकावी. आपली विद्या आपल्यापाशीं राखून ठेवणारी परिचारिका एका वेळीं एकाच घरीं असूं शकते. जी ती वांटते ती अनेक घरीं असते. गडचिरोली जिल्ह्यांत डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग ह्यांनीं १९९५ पासून ३९ गांवांतील बायकांस नवजात बाळाची घरच्या घरीं काळजी घेण्यास शिकविलें, आणि तिसऱ्या वर्षीं त्या गांवांतील नवजात बालकांचे मृत्यु, असें काम नसलेल्या गांवांशीं तुलना करितां, ६२ टक्क्यांनीं घटलेले आढळले. आज आपल्या गांवांत आशाताई असतात. ही योजना सरकारनें २००५ सालीं सुरू केली. उपकेंद्रांत आरोग्यसेविका असते. मंडळींतील ज्या बहिणी नर्सचें शिक्षण घेऊन घरीं आहेत किंवा निवृत्त झाल्या आहेत, त्यांनीं निराळी चूल मांडूं नये. ह्या दोघींशीं मिळून काम करावें.

काम कोणतें, हें थोडें सांगतों. गरोदर बाईच्या घरीं गेल्यावर तिच्या ताटाकडे पाहावें. सर्वांच्या मागून उरलेलें जी खाते तिला लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाहीं. डोकें फार दुखणें, तोंडास व पायांस सूज, झटके, रक्त जाणें, ह्यांपैकीं कांहीं दिसतांच वाट पाहूं नये. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर फोन केल्यास रुग्णवाहिका येते. जन्मलेल्या बाळास पहिल्या तासाच्या आंत आईच्या अंगावर पाजावें, चीक काढून टाकूं नये, त्याच दिवशीं न्हाऊं घालूं नये, आईच्या छातीशीं धरून ऊब द्यावी. अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळाकडे अधिक वेळां जावें. दोन आठवडे खोकला ज्याचा हटत नाहीं त्याची थुंकी तपासवावी. क्षयाचें औषध बहुधा सहा महिने चालतें व सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. शिवाय रोग्यास पौष्टिक अन्नासाठीं दरमहा पैसे मिळतात, ते २०१८ पासून ५०० रुपये होते आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले. तरी पुष्कळ रोगी दोन महिन्यांनीं बरें वाटूं लागतांच गोळ्या सोडितात, आणि तेव्हां घरीं जाऊन बसणाऱ्या परिचारिकेचेंच काम असतें.

कुष्ठरोगाविषयीं मंडळ्यांत अजून फार अज्ञान आहे. शास्त्रांतील कुष्ठ्यांच्या गोष्टी सांगतांना आम्ही पाळकही तें वाढवितों. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असून तेथें स्पर्श कळत नसेल तर लागलाच दवाखाना गांठावा. औषधें फुकट असून सहा किंवा बारा महिने घ्यावीं लागतात, आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळांत संसर्गाची भीति उरत नाहीं. ज्यांच्या पायांची जाणीव आधींच गेली आहे त्यांनीं रोज पाय पाण्यांत भिजवावे, तेल लावावें, आणि कांटा किंवा खडा रुतला आहे काय हें डोळ्यांनीं पाहावें. परिचारिका अशा मनुष्याचे पाय उघड्यावर, शेजाऱ्यांदेखत, आपल्या हातांनीं धुते, तेव्हां सारी आळी तें पाहते. योहानाचा तेरावा अध्याय त्या दिवशीं मंडळींत वाचावा.

आतां जिभेविषयीं लिहितों, आणि हें परिचारिकांस व उपदेशकांस दोघांसही आहे. एका गांवीं एका मुलीस क्षयाचें औषध चालू होतें. तें परिचारिकेस, तिच्या आईस व उपदेशकास ठाऊक होतें. उपदेशक भला मनुष्य. त्यानें रविवारच्या उपासनेंत त्या मुलीचें नांव व रोगाचें नांव घेऊन कळकळीनें प्रार्थना केली. त्याच आठवड्यांत तिचें ठरलेलें लग्न मोडलें. मुलगी लाजेनें उपकेंद्रांत जाईनाशी झाली, औषध तुटलें. परिचारिका मग अंधार पडल्यावर तिच्या घरीं गोळ्या घेऊन जाऊं लागली, व तिनें उपचार पुरा करविला. मुलगी बरी झाली; मोडलेलें लग्न पुन्हा जुळलें नाहीं. बंधूंनो, देवास रोगाचें नांव सांगावें लागत नाहीं. ज्या घरानें आपली मागची खोली परिचारिकेस उघडून दाखविली, त्या घराची गोष्ट तिनें नवऱ्यासही सांगूं नये. कांहीं परिचारिकांची जीभ दुसऱ्या प्रकारें सुटते. कळा देत असलेल्या बाईवर ओरडणें, मळक्या लुगड्यावरून बोलणें, "इतकीं मुलें कशाला?" असें चारचौघांत विचारणें, ह्यानें दुर्बळ मनुष्य एकदां दुखावला कीं तो पुन्हा दारीं येत नाहीं.

आणखी एक कठीण गोष्ट. आजारी मनुष्य अगतिक असतो. त्याच्या अगतिकपणाचा उपयोग करून त्याजपासून धर्माविषयीं कबुली घ्यावी, असें कांहीं उत्साही बांधवांस वाटतें. शोमरोन्यानें त्या घायाळास काय विचारलें? कांहींच विचारलें नाहीं. तो कोणत्या कुळाचा, कोणत्या मंदिराचा, हें त्यानें पाहिलेंच नाहीं, आणि प्रभूनें त्याचीच वाखाणणी केली. रोगी आपण होऊन विचारील तर उत्तर द्यावें. न विचारील तर पट्टी बांधून यावें.

मंडळीनें काय करावें? उपदेशकानें आपल्या वस्तींतील जे घराबाहेर पडूं शकत नाहींत त्यांची यादी मनांत ठेवावी व ती परिचारिकेस, घरच्यांची संमति घेऊन, तोंडी सांगावी. रात्रीं बोलावणें आल्यास तिच्यासोबत जाणारें एक वडील माणूस व एक वाहन आधींच ठरवून ठेवावें. तरण्या मुलीस एकटी पाठवूं नये. मूठभर धान्याची जी पेटी उपासनेंत ठेवितात तींतील कांहीं भाग रोग्यांच्या घरीं जावा. परिचारिकेच्या स्वतःच्या घरीं पाणी कोण भरतें, तिच्या मुलांस कोण पाहतें, हेंही विचारावें. जी दिवसभर परक्यांचे पाय धुते ती घरीं येऊन सर्वांसाठीं भाकऱ्या थापते, आणि तिचा पगार सासरा मोजून घेतो, अशीं घरें आमच्या मंडळ्यांत आहेत. त्या घरच्या पुरुषांशीं पाळकानें बोलावें.

वर्गासाठीं प्रश्न

१. आपल्या गांवांत गेल्या वर्षभरांत दवाखान्यांत एकदांही न गेलेलें, पण जावयास हवें होतें असें कोण आहे? (नांवें मोठ्यानें सांगूं नयेत.)

२. शोमरोन्यानें परत येण्याचें वचन कां दिलें? उतारशाळेच्या मालकाचें काम आपल्या गांवांत कोणाकडे आहे?

३. आपण ज्या घरीं प्रार्थनेस जातों त्या घराच्या आंतल्या खोलींत शेवटीं केव्हां गेलों होतों?

४. आपल्या मंडळींतील परिचारिकेस, आशाताईस किंवा आरोग्यसेविकेस ह्या आठवड्यांत जाऊन विचारावें : तुम्हांस सध्यां सर्वांत जड कोणतें घर जातें, आणि तेथें आम्हांपैकीं कोण येऊं?